पोरगं हुशार आहे पण वाचता येईना: काय बघायचं, कुठं जायचं, घरी काय करायचं

पालकसभेत दरवर्षी कुणीतरी मला हे म्हणतंयच, सर, घरी सगळं तोंडपाठ सांगतंय, मोबाईल आमच्यापेक्षा भारी चालवतंय, पण पुस्तक हातात दिलं की गप्प. मग बाप म्हणतो लक्षच नाही त्याचं, आई म्हणते बघा काहीतरी करून, आणि लेकरू मागं दाराला टेकून पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत उभं असतंय. मी बीड जिल्ह्यात झेडपीच्या प्राथमिक शाळेवर आहे, सतरा वर्षं झाली, आणि पहिली सहा-सात वर्षं मीपण अशा लेकरांना शंभरदा लिहून आण म्हणत होतो. शंभरदा लिहून आणायचं आणि एकशे एकाव्यांदा परत चुकायचं. मी डॉक्टर नाही, मानसतज्ज्ञ नाही, खाली जे आहे ते चुकत चुकत कळलेलं आहे, तेवढं धरून वाचा.

आधी नाव. सरकारी कागदावर याला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात, बोलताना सगळे लर्निंग डिसॅबिलिटी किंवा नुसतं एलडी म्हणतात. वाचनाचा घोळ असेल तर डिस्लेक्सिया, लिहिण्याचा असेल तर डिसग्राफिया, आकड्यांचा असेल तर डिसकॅल्क्युलिया, आणि पुष्कळदा एकाच लेकराला दोन-तीन मिळून असतात. यात बुद्धी कमी नसते. डोळे-कान ठीक, शाळेत येतंय, शिकवलेलंय, तरी अक्षर आणि आवाज यांची गाठ डोक्यात पक्की बसत नाही. मतिमंदत्व म्हणजे हल्ली ज्याला बौद्धिक अक्षमता म्हणतात ते वेगळं, त्याचा दाखला वेगळा, आणि गावात ह्या दोन्हीची खिचडी करून ठेवलेली असती म्हणून आईबाप तपासायला न्यायलाच तयार होत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत त्यात एलडी आहे, म्हणजे ही शहरातल्या लोकांनी काढलेली फॅशन नाही, कायद्यात छापलेली गोष्ट आहे.

पहिलं काम: वही उघडा, मार्क नका बघू

मार्कातून काही कळत नाही. ३५ पैकी ९ पडले म्हणजे का पडले? वहीत कळतं. दोन वह्या घ्या, एक फळ्यावरून उतरवलेली आणि एक श्रुतलेखनाची, आणि शेजारी ठेवा. उतरवलेली वही बऱ्यापैकी साफ आणि श्रुतलेखनाची वही म्हणजे सगळा चिखल, असं असलं तर थांबून नीट बघा. कारण उतरवताना लेकरू चित्र काढल्यासारखं उतरवतंय, ऐकून लिहिताना आवाजाचं अक्षर करावं लागतंय, आणि तिथंच गाडी रुततीय.

आता आपल्या मराठीची गंमत बघा, मला हे कळायला दहा वर्षं लागली. ‘कि’ म्हणताना आधी क येतो मग इ, पण लिहिताना पहिली वेलांटी क च्या आधी काढलेली दिसते. ‘सूर्य’ म्हणताना र आधी आणि य नंतर, लिहिताना तो र रफार होऊन य च्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘प्र’ मध्ये तोच र पायाखाली. म्हणजे साधा र धरून एकच आवाज, तीन ठिकाणी तीन वेश. साध्या लेकराला हे सवयीनं जमून जातं, ह्या लेकराला प्रत्येक वेळी नव्यानं विचार करावा लागतो, आणि तोवर बाई पुढच्या ओळीवर गेलेल्या असतात.

वहीत काय दिसतं ते सांगतो. भ चा म, घ चा ध, थ चा य, प चा ष. काना-मात्रा गळालेल्या, ‘मोरपीस’ चं ‘मरपस’. अनुस्वार कुठंही. जोडाक्षर दिसलं की शब्दच सोडून दिलेला किंवा अंदाजानं दुसराच वाचलेला, म्हणजे ‘पुस्तक’ ला ‘पुतळा’. एकाच पानावर एकच शब्द तीन प्रकारे लिहिलेला, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ज्याला चुकीचं पाठ झालंय ते लेकरू तीनही वेळा एकसारखं चुकतं.

आकड्यांत ३ आणि ६, एकमेकांचे आरशातले भाऊ. आणि पंचवीस म्हणताना पाच आधी म्हणतो पण लिहिताना दोन आधी लिहितो, म्हणून ५२. एकोणतीस तर विचारूच नका, कानावर तीस पडतंय आणि लिहायचे २९, लेकरू ३९ लिहून मोकळं. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात वीस एक, वीस दोन असं वाचायची पद्धत आली तेव्हा सगळीकडं चेष्टा झाली, मीपण केली. वर्गात वापरल्यावर दोन लेकरांना जे पंचवीसनं जमत नव्हतं ते वीस पाचनं जमलं, तेव्हापासून मी चेष्टा बंद केली.

घाबरायचं कधी नाही तेपण सांगतो. पहिलीतलं लेकरू अक्षर उलटं काढतंयच, दुसरीच्या सुरुवातीपर्यंत चालतंय. दुसरी संपत आली, तिसरी लागली आणि अजून तेच चाललंय तर मात्र पुढचं वाचा.

अंगणवाडीतल्या लेकरांत वही नसते तिथं कानानं बघायचं. उशिरा बोलायला लागलेलं, बडबडगीतातलं यमक लक्षात न येणारं, ‘कमळ’ चा पहिला आवाज कोणता विचारलं तर गोंधळणारं, वारांची नावं ओळीनं न सांगता येणारं. एवढ्यानं एलडी ठरत नाही, नुसतं डोक्यात ठेवा. आणि पाचवीच्या पुढची लेकरं हुशारीनं लपवतात. वाचनाचा तास आला की लघवीला लागते, शाळेच्या सकाळी पोट दुखतं आणि रविवारी अजिबात दुखत नाही, किंवा वर्गातला जोकर होतं, कारण ढ म्हणवून घेण्यापेक्षा वात्रट म्हणवून घेणं बरं.

दुसरं काम: दुसरंच काही कारण नाही ना ते बघा

इथं घाई करू नका, आपल्या भागात ही पायरी सगळ्यात अवघड आहे. डोळे तपासा, कान तपासा. कान फुटून वाहायलेली लेकरं आपल्याकडं किती आहेत ते बघा, ऐकूच अर्धवट येत असेल तर श्रुतलेखन कुठून येणार. रक्त कमी आहे का, फिट येतात का, हे डॉक्टरला विचारा.

मग हजेरी. आमच्या शाळेतली निम्मी घरं दिवाळी झाली की कोयत्यावर म्हणजे ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, आणि परत येतात ते एप्रिल-मे मध्ये. आजी-आजोबांपाशी ठेवलेलं लेकरू राहतं, बाकीचं टोळीबरोबर जातं आणि फडात धाकट्याला सांभाळतं. अशा लेकराला तिसरीत वाचता आलं नाही तर त्यात त्याच्या मेंदूचा काय दोष, ते शिकलेलंच नाही. आणि उलटपण खरं आहे बरं का, की ऊसतोडीचं लेकरू आहे म्हणून सोडून दिलं आणि त्याला खरंच एलडी होतं, असंपण माझ्याच वर्गात झालंय. एका पोरीला मी दोन वर्षं ‘गॅप पडलाय’ म्हणत राहिलो. तिचा धाकटा भाऊ तिच्याच बरोबर फडावर जाऊन यायचा, तो वाचायला लागला आणि ती तशीच, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

भाषेचंपण तसंच. बंजारा तांड्यावर घरी गोरमाटी बोलतात, कुठं दखनी, देगलूर-बिलोली कडं तेलुगू, उदगीर-निलंग्याकडं कन्नड कानावर असती. त्या लेकराला मराठी शब्दच नवा असतो, अक्षर नंतरची गोष्ट. म्हणून त्याला त्याच्या घरच्या भाषेत गोष्ट सांगायला लावा. ती धडाधड सांगितली आणि मराठी बोलणं वर्षभरात सुधारलं, पण अक्षर तिथंच, तर शंका धरा.

फरक करायची माझी पद्धत साधी आहे. तीन महिने रोज वीस मिनिटं त्याच्या पातळीवरून, म्हणजे पाचवीत असलं तरी बाराखडीपासून, शिकवायचं आणि दर शनिवारी तारीख घालून दहा शब्दांचं श्रुतलेखन जपून ठेवायचं. नुसतं बुडालेलं असेल तर भराभर भरून निघतं, तुम्हालाच आश्चर्य वाटतं. एलडी असेल तर काल आलेलं आज गेलेलं असतं, आज आलेलं सोमवारी परत जातं. हे कागद टाकून देऊ नका, पुढं तपासणाऱ्यांना तुमच्या बोलण्यापेक्षा ते कागद जास्त सांगतात.

तिसरं काम: तपासणी आणि दाखला

शाळेत आधी वर्गशिक्षकाला सांगा, शिक्षक ऐकत नसेल तर हेडमास्तरला. प्रत्येक तालुक्याला गटसाधन केंद्र असतं, तिथं सरकारच्या समग्र शिक्षा योजनेतले समावेशित शिक्षणाचे, म्हणजे दिव्यांग लेकरांसाठीचे, विशेष शिक्षक असतात, त्यांना शाळेवर बोलावता येतं, फुकट. वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेत येते, ती टीम फक्त वजन-उंची घेऊन जात असेल तर त्यांना थांबवून तुमची वही दाखवा, त्यांच्या यादीत शिकण्याच्या अडचणी आहेत. ते पुढं सिव्हिलमधल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राला चिठ्ठी देतात, सगळे डीईआयसी म्हणतात त्याला.

खरी तपासणी सिव्हिल किंवा मेडिकल कॉलेजला. आपल्याकडं संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, लातूर, नांदेड ही जुनी सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत. निघायच्या आधी फोन करून विचारा की मानसतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात आणि एलडीची टेस्ट मराठीतून होते का. मी पहिल्यांदा एका लेकराला घेऊन गेलो तेव्हा विचारलं नाही, तीन खेपा झाल्या, एकदा मॅडम रजेवर, एकदा फॉर्म संपलेले, एकदा म्हणे ही टेस्ट इथं होतच नाही. त्या बापाचे तीन दिवसांचे रोज बुडाले आणि वर यष्टीचं भाडं. कुठलं हॉस्पिटल ते सांगत नाही, आता तिथली माणसं बदललीत.

तिथं काय होतं? बालरोगतज्ज्ञ बघतात, डोळे-कान होतात, मग बुद्ध्यांक चाचणी, ती बुद्धी कमी नाही ना हे बघायला, आणि मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या, बंगळुरूच्या निमहान्स ह्या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं तयार केलेला संच त्यासाठी वापरतात. एका दिवसात होतंच असं नाही. लेकराला घरून भाकरी खाऊ घालून न्या, सोबत डबा न्या, आणि ‘परीक्षा आहे, नीट दे’ असलं काही सांगू नका, ‘डॉक्टर काकू खेळ घेणार आहेत’ एवढं पुरे. सोबत जुन्या वह्या, ती शनिवारची पानं, प्रगतिपुस्तक, आधार, फोटो.

४ जानेवारी २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे एलडीचा दाखला आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळायचा, मग १४ व्या वर्षी परत तपासणी आणि १८ व्या वर्षी परत, आणि १८ ला मिळालेला आयुष्यभर चालायचा; मार्च २०२४ मध्ये त्या जागी नवी अधिसूचना आली, म्हणून आताचा नियम तपासणीच्या वेळी विचारून घ्या. दाखल्यासाठी यूडीआयडीचा म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाईन भरायचा असतो, गावातल्या सेतूवाल्याकडून भरून घेता येतो, पण अपंगत्वाच्या खान्यात त्यानं भलत्याच गोष्टीवर टिक केली नाही ना ते स्वतः वाचून घ्या. पण एक लक्षात ठेवा, शिकवणं सुरू करायला दाखला लागत नाही. आठ वर्षं पूर्ण व्हायची वाट बघत बसून दुसरी-तिसरी वाया घालवू नका, तीच वर्षं खरी कामाची.

चौथं काम: परीक्षेतल्या सवलती

हे दहावी जवळ आल्यावर सगळ्यांना आठवतं आणि तेव्हा पळापळ होते. केंद्राच्या सूचनांमध्ये दिव्यांगांना लेखी परीक्षेत ताशी किमान २० मिनिटं जादा द्यायला सांगितलंय, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. लेखनिक घेता येतो. राज्य मंडळाच्या दहावीला भाषा आणि गणित या विषयांतपण सवलतीचे पर्याय आहेत, ते शाळेकडून चालू वर्षाचं परिपत्रक मागून बघा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. अर्ज हेडमास्तर मार्फत विभागीय मंडळाला जातो, लातूर, नांदेड आणि धाराशिववाल्यांचं मंडळ लातूरला, मराठवाड्यातल्या बाकी पाच जिल्ह्यांचं संभाजीनगरला. नववीतच सुरू करा. आणि लेखनिक मिळाला तरी त्याला सांगून लिहून घ्यायची सवय लागते, ती पेपरच्या दिवशी येत नाही, घरी महिनाभर बहिणीला लेखनिक करून सराव करा.

एक गोष्ट मनातली. आपल्याकडं लातूर पॅटर्नच्या नादात नववीच्या पोराला क्लासला टाकायला माणूस म्हैस विकतो, आणि तेच पोरगं वाक्य वाचताना अडखळतं हे कुणी बघत नाही. क्लासवाला चॅप्टर संपवणार, त्याला बाराखडीशी काय देणंघेणं. शाळाच झेपत नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून म्हणजे एनआयओएसमधून आपल्या वेगानं, विषय निवडून दहावी करता येते.

पाचवं काम: घरी रोज काय करायचं

परात घ्या, ज्वारीचं पीठ नाहीतर बारीक वाळू पसरा. पूर्वी धूळपाटी असायची, आजोबा लोक त्यावरच शिकले, तेच. एक अक्षर बोटानं मोठं काढायचं आणि काढताना त्याचा आवाज मोठ्यानं म्हणायचा. डोळा, कान, बोट तिन्ही एकाच वेळी कामाला लागतात, आणि ह्या लेकरांना शिकवायच्या जगभरच्या पद्धतींचं मूळ हेच आहे. आठवड्याला दोनच अक्षरं, आणि दिसायला सारखी असलेली अक्षरं एका आठवड्यात घेऊ नका, भ पक्का झाल्याशिवाय म ला हात लावू नका.

मात्रा एकेक करून. आधी नुसता काना, त्याचेच शब्द: काका, मामा, बाबा, दादा. मग दुसरी वेलांटी, मग पुढं. पहिली वेलांटी उशिरा घ्या, का ते वर सांगितलंय. शब्द टाळ्या वाजवून तोडायचे, म-रा-ठ-वा-डा, पाच टाळ्या. जोडाक्षराला दोन रंगाची खडू, ‘स्त’ मधला अर्धा स लाल.

गणिताला तुरीच्या काड्या दहा-दहाच्या जुड्या करून ठेवा. पंचवीस म्हणजे दोन जुड्या, पाच सुट्या, हातात धरल्यावर ५२ होत नाही. पाढे पाठ होईनात तर पाढ्यांचा तक्ता समोर ठेवू द्या, त्यात लबाडी काही नाही.

वाचन दोघांनी मिळून, तुम्ही एक ओळ, त्यानं एक ओळ, ओळीखाली पट्टी. अडलं की तीन-चार सेकंद थांबा आणि शब्द सांगून टाका, झगडत बसवू नका. आईला वाचता येत नसेल तर? काही बिघडत नाही, लेकराला म्हणा मला वाचून दाखव, चुकलं तरी आईला कळणार नाही म्हणून लेकरू बिनधास्त वाचतं, मी हे बघितलंय. वीस मिनिटं झाली की बंद, रडत असेल तर दहा मिनिटांत बंद. आणि विज्ञान, इतिहास कानानं शिकू द्या, मोठं भावंड वाचून दाखवेल, मोबाईल वाचून दाखवतो, ज्ञान अडायला नको.

शिक्षक असाल तर एवढं करा: त्याला अचानक उभं करून वाचायला लावू नका, कोणता परिच्छेद येणार ते आदल्या दिवशी हळूच सांगा. तोंडी परीक्षा घ्या. लाल पेन आवरा.

काय करू नका ते थोडक्यात. बुद्धीची टॉनिकं आणि पावडरी, पैसे वाया, एलडीला औषध नाही. डावखुऱ्या लेकराचा हात बांधणे, काही संबंध नाही. धाकट्याशी तुलना. आणि मार. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत मारायलाच नाही तर मानसिक छळालापण बंदी आहे, ‘मठ्ठ’ म्हणणं त्यात येतं हे आमच्या शिक्षक लोकांनी लक्षात घ्यावं, माझ्यासकट.

मोठ्या माणसांचं काय

एलडी वयानं जात नाही. आणि घराण्यात चालत येतं. मी एका पोराची वही घरी तपासत बसलो होतो, माझा थोरला भाऊ शेजारी चहा पीत होता, तो म्हणला, आरं ही तर माझी वही हाय. दादा सातवीत शाळा सोडून ट्रॅक्टरच्या गॅरेजला लागला. आवाजावरून इंजिनचा फॉल्ट सांगतो, पण बँकेचा फॉर्म आला की चष्मा घरी राहिलाय म्हणतो. आम्ही तीस वर्षं त्याला चष्मा विसरतो म्हणून हसलो.

मोठ्यांत असंच ओळखायचं. फॉर्म घरी नेऊन भरतो म्हणणं, मेसेजला कायम आवाजाचं उत्तर, बस पाटी न वाचता कंडक्टरला विचारून पकडणं, बढती नको म्हणणं कारण तिथं रिपोर्ट लिहावे लागतात, फोन नंबरातले आकडे उलटसुलट. यातलं एखादं कुणातही असतं, पण लहानपणापासून सगळं मिळून असेल तर विचार करा. तपासायचं असेल तर मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात जाऊन मानसतज्ज्ञाला भेटा, जुन्या गुणपत्रिका सापडल्या तर न्या. सरकारी नोकरीत दिव्यांगांसाठी ४ टक्के जागा आहेत, त्यातल्या शेवटच्या १ टक्क्याच्या गटात एलडीपण येतं, उच्च शिक्षणात ५ टक्के, पण त्यासाठी दाखल्यात अपंगत्व किमान ४० टक्के धरलेलं लागतं. बारावी झालेल्या पोरांनी हे ध्यानात ठेवा.

नोकरी-बिकरी नको असेल तर दाखल्याच्या मागं लागायचं कारण नाही, सोय लावून घ्या. मोबाईलवर मराठीत बोललं की टाइप होतं, कॅमेरा कागदावर धरला की वाचून दाखवतो. घरात कुणीतरी एक माणूस ठरवा ज्याला बिनदिक्कत ‘हे वाच’ म्हणता येईल आणि जो हसणार नाही. चारचौघांत वाचायला कागद पुढं करू नका, एवढं तर बायको-भाऊ कुणीपण करू शकतं.

दादाला मी बोलून लिहायचं शिकवलं, आता गॅरेजची बिलं तोच व्हॉट्सॲपवर पाठवतो. परवा एका बिलात ‘ऑइल सील’ च्या जागी ‘आईला शील’ आलं. गिऱ्हाईकानं फोन करून विचारलं हे काय, दादा म्हणला सहाशे रुपये, आणि त्यानं दिले.